पणजोबा आगबोटीने विलायतेला गेले, त्याची नोंद कशी काढायची? पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

पणजोबा बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले होते, आजीच्या मामांनी एडिंबरोला डॉक्टरकी केली, अशा गोष्टी बऱ्याच मराठी घरांत सांगितल्या जातात. कोणत्या बोटीने, कोणत्या महिन्यात, बरोबर कोण होते, हे मात्र सहसा कुणाला ठाऊक नसते. हे सांगणारा सरकारी कागद बऱ्याचदा शिल्लक असतो. तो लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे.

ब्रिटनच्या बंदरात येणाऱ्या आणि तिथून सुटणाऱ्या बोटींना प्रवाशांची यादी बोर्ड ऑफ ट्रेड या खात्याकडे द्यावी लागे. त्या याद्यांचे दोन गठ्ठे आहेत. बीटी २६ म्हणजे ब्रिटनला पोचलेल्यांच्या याद्या, १८७८ ते १९६०. बीटी २७ म्हणजे ब्रिटनहून निघालेल्यांच्या, १८९० ते १९६०. १८९० आधीच्या आगमनाच्या याद्या फार थोड्या उरल्या आहेत. १९६० नंतर विमानाने गेलेल्या काकांना इथे शोधू नये.

यादीत प्रवाशाचे नाव, वय, व्यवसाय, बोटीतला वर्ग, चढण्याचे आणि उतरण्याचे बंदर असते. पुढच्या काळातल्या याद्यांत ब्रिटनमधला पत्ताही मिळतो. 'विद्यार्थी' या शब्दापुढे लंडनमधल्या एखाद्या खानावळवजा घराचा पत्ता दिसला की पुढच्या शोधाला चांगला धागा हाती येतो.

पात्रता: तुमची नव्हे, पूर्वजांची

अर्जदारासाठी पात्रतेची अट अशी नाहीच. नाते सिद्ध करावे लागत नाही, नागरिकत्व विचारले जात नाही. खरा प्रश्न तुमचे पूर्वज या यादीत येण्याजोगे होते का, हा आहे. तो आधी सोडवला नाही तर पैसे आणि रविवार दोन्ही वाया जातात.

पहिली गोष्ट, ब्रिटन हे प्रवासाचे एक टोक हवे. मुंबईहून मोंबासा, एडन किंवा बसऱ्याला गेलेली माणसे क्यूच्या याद्यांत नाहीत. दुसरी गोष्ट, याद्या युरोप आणि भूमध्य समुद्राच्या बाहेरून येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या बोटींच्या आहेत. फ्रान्सहून खाडी ओलांडून आलेल्या छोट्या बोटींच्या नाहीत. हिंदुस्थानातून जाणाऱ्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे ठरते. वेळ वाचवायला कित्येक जण मार्सेयला उतरून पुढे रेल्वेने जात. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी 'राजपुताना' बोटीने निघाले ते मार्सेयलाच उतरले, आणि परतताना इटलीतल्या ब्रिंदिसीहून 'पिल्सना' बोटीवर चढले. अशा प्रवाशाला लंडनच्या आगमन यादीत शोधत बसण्यात अर्थ नसतो. १९३० च्या दशकात इटलीच्या लॉइड त्रिएस्तिनो कंपनीच्या 'व्हिक्टोरिया'सारख्या बोटीही मुंबईहून सुटत. त्यांनी गेलेल्यांचेही तेच.

तिसरी गोष्ट गोव्याच्या कुटुंबांसाठी. ब्रिटिश हिंदुस्थानातले प्रवासी ब्रिटिश प्रजा म्हणून मुख्य यादीत असत. पोर्तुगीज प्रजा असलेले गोवेकर 'परकीय' प्रवाशांच्या वेगळ्या पानावर. मुख्य पान पाहून नाव नाही म्हणून सोडून देऊ नका.

आधी घरातले कागद

शोधाला नाव पुरत नाही. तारीख लागते, निदान वर्ष आणि ऋतू तरी. फोटोमागची शाई, पत्रावरचा टपालाचा शिक्का, पदवीच्या प्रमाणपत्राचे साल, जुना पासपोर्ट, सगळे बाहेर काढा. बॅरिस्टरांच्या बाबतीत आणखी एक सोपी वाट आहे. लंडनच्या चार इन्सपैकी, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थांपैकी (ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल) कुठेतरी त्यांनी नाव नोंदवलेले असणार. या इन्सच्या प्रवेशनोंदींत प्रवेशाची तारीख आणि बहुधा वडिलांचे नाव मिळते. प्रवासी यादीत वडिलांच्या नावाचा रकाना नसतो, म्हणून माणूस आपलाच याची खात्री इथेच करून घ्यावी. प्रवेशाच्या तारखेच्या आधीचे दोन-तीन महिने पुरतात. मुंबईहून लंडनला समुद्रमार्गाने साधारण तीन आठवडे लागत.

महत्त्वाच्या बोटींच्या प्रवाशांची नावे 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून येत. पहिल्या-दुसऱ्या वर्गाचे प्रवासी त्यात भेटतात, डेकवरचे नाहीत. या दैनिकाचा जुना संग्रह मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत संगणकावर पाहता येतो. पासपोर्टच्या जुन्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांची सूची 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून चाळता येते. पासपोर्टचा कायदा १९२० चा, त्यामुळे टिळकयुगातल्या प्रवाशासाठी ही वाट फारशी कामाची नाही.

घरबसल्या शोध

दोन्ही गठ्ठे डिजिटल होऊन वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळांवर आले आहेत. बीटी २६ अ‍ॅन्सेस्ट्रीवर, बीटी २७ फाइंड माय पास्टवर. दोन्हीकडे पैसे भरावे लागतात. एका महिन्याची वर्गणी घेऊन, आधी सगळी टिपणे तयार ठेवून, सगळे शोध एकदम उरकणे स्वस्त पडते. वर्षाची वर्गणी आपोआप नूतनीकरणाला लागते, ती खूण आधी काढा. फॅमिलीसर्च या तशाच संकेतस्थळावर सूची मोफत आहे, फक्त खाते उघडावे लागते.

पूर्ण नावाने शोधणे हा शेवटचा पर्याय समजा. बोटीवरच्या इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले नाव, शंभर वर्षांनी मराठी आडनावांची ओळख नसलेल्या कुणीतरी वाचून संगणकात भरलेले. जोशींच्या शेवटी आय असेल, वाय असेल, डबल ई असेल. आडनावाच्या जागी वडिलांचे नाव पडलेले असते. पुष्कळदा नुसती दोन आद्याक्षरे असतात. 'कुलकर्णी' तर इतक्या तऱ्हांनी लिहिलेले सापडते की आपण त्या कारकुनाची कीव करावी. म्हणून चढण्याचे बंदर 'बॉम्बे', वर्ष आणि वयाचा अंदाज घालून शोधा, आडनावाची पहिली तीन अक्षरे देऊन पुढे ताराचिन्ह टाका. तरीही नाही मिळाले तर त्या महिन्यातल्या बोटी एकेक उघडून पूर्ण यादी डोळ्यांखालून घाला. कंटाळवाणे आहे, पण सोबत चढलेला मित्र, मेहुणा किंवा त्याच कॉलेजचा विद्यार्थी असा पूर्ण यादी वाचतानाच हाती लागतो.

बोटीचे नाव माहीत नसेल तर बीटी ३२ ही नोंदवही, १९०६ ते १९५१. कोणत्या महिन्यात कोणत्या बंदरात कोणती बोट आली-गेली एवढेच त्यात असते. ही प्रत्यक्ष क्यूलाच पाहावी लागते.

क्यूला जायचे तर

डिजिटल याद्या तिथल्या संगणकांवर फुकट दिसतात, त्यासाठी कार्ड लागत नाही. मूळ कागद हाताळायचा असेल, जसे बीटी ३२, तर वाचकपत्र हवे. तेही मोफत. नोंदणी घरून ऑनलाइन करता येते. जाताना दोन मूळ कागद न्या: नावाचा एक पुरावा (पासपोर्ट उत्तम) आणि पत्त्याचा दुसरा, बँकेचे विवरणपत्र किंवा वीजबिल, नजीकच्या काळातले. झेरॉक्स चालत नाही. मराठीतले वीजबिल घेऊन जाऊ नका, इंग्रजी मजकुराचा कागद निवडा. हवे ते गठ्ठे आधीच ऑनलाइन मागवून ठेवावेत. रविवार-सोमवार बंद असते. पेन चालत नाही, पेन्सिल चालते.

जाणे शक्य नसेल तर प्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. डिजिटल नसलेल्या गठ्ठ्यांसाठी आधी पाने तपासण्याची फी आणि मग प्रतीची फी, असे दोन टप्पे. अर्जात गठ्ठ्याचा क्रमांक, बोटीचे नाव, बंदर आणि तारीख लिहा. 'आमचे आजोबा साधारण तिसाच्या सुमारास' असे लिहून काही निघत नाही.

खलाशी असतील तर

रत्नागिरीच्या बाजूचे खलाशी आणि गोव्याचे स्टुअर्ड यांच्याशिवाय पी अँड ओ कंपनीच्या बोटी हलल्या नसत्या. पण ते प्रवासी नव्हते, त्यामुळे वरच्या कुठल्याच यादीत ते नाहीत. त्यांच्यासाठी बोटीच्या नोकरवर्गाच्या याद्या पाहायच्या. १९१५ सालच्या नावांनिशी डिजिटल झाल्या आहेत आणि मोफत शोधता येतात. बाकीच्या वर्षांचा मोठा हिस्सा, साधारण ७० टक्के, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातील सागरी इतिहास संग्रहात आहे. तिथे अर्ज करायला बोटीचा अधिकृत नोंदणी क्रमांक लागतो; नुसते नाव देऊ नका, एका नावाच्या अनेक बोटी असत. आशियाई खलाशांचा करार पुष्कळदा वेगळ्या कागदावर होई. तो जोडलेला नसेल तर यादीत फक्त गोरे अधिकारी दिसतात. त्यावरून घरची हकीकत खोटी ठरवू नये. या शोधात हाच भाग सर्वांत अवघड आहे, आणि कोकणातल्या बहुतेक कुटुंबांना हवा असतो तोही हाच.

अमेरिका

इथले काम सोपे. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर उतरलेल्यांच्या नोंदी १८९२ पासूनच्या आहेत आणि नावाने मोफत शोधता येतात. आनंदीबाई जोशी १८८३ च्या, म्हणजे त्याआधीच्या. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला उतरले ते या काळात. अमेरिकेची यादी ब्रिटिश यादीपेक्षा कितीतरी बोलकी आहे. १९०७ पासून तिच्यात मायदेशातल्या जवळच्या नातलगाचे नाव-पत्ता, कुणाकडे उतरणार, उंची, अंगावरच्या खुणा आणि जवळ किती पैसे आहेत हेही विचारलेले असते. एखाद्या गावाचे नाव हरवलेले असेल तर ते इथे सापडण्याची शक्यता जास्त.

प्रत कशासाठी चालते

कोर्टाच्या कामाला लागणार असेल तर क्यूहून प्रमाणित प्रत मागता येते. ती महाग पडते, म्हणून आधी साधी प्रत घेऊन नोंद आपल्याच माणसाची आहे याची खात्री करावी. परदेशात असलेल्या नातवंडांनी ही प्रत ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या) कार्डाच्या अर्जाला मुख्य पुरावा म्हणून जोडू नये. यादीवरून ना नागरिकत्व सिद्ध होते ना नाते. तिथे पूर्वजाचा भारतीय पासपोर्ट, जन्माचा किंवा अधिवासाचा दाखला आणि मधल्या प्रत्येक पिढीचा जन्मदाखला मागितला जातो. आडनावाचे स्पेलिंग पिढीगणिक बदलले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.