पाण्यावरची कात

संध्याकाळी पुण्यात मुठा नदीवरच्या म्हात्रे पुलाजवळ डोक्यावर थवा घुमू लागला की आपण डास म्हणून हात झटकतो. बसलेला कीटक नीट पाहा. डासाला लांब सोंड असते, बसताना तो बहुधा मागचे पाय वर धरतो. सोंड नसेल आणि पुढचे पाय उचललेले असतील, तर ते कायरोनोमिड कुळातलं, न चावणारं चिलट. जगात यांच्या 6,000 हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. मत्स्यालयाच्या दुकानातले लाल ‘ब्लडवर्म’ या कुळातल्याच काही जातींच्या अळ्या. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा; त्याच्या जोरावर त्या प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तगतात.

मुठेकाठी कोणत्या जाती आहेत हे शोधायचं तर सुरुवात गाळापासून नको. गाळ उपसला की त्या एका जागेपुरतंच कळतं. अळीचा कोष होतो, तो पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन पाठीवर उलतो, चिलट उडून जातं आणि रिकामी कात दिवस-दोन दिवस तरंगते. दगडावरची, गाळातली, पाणवनस्पतींवरची, सगळ्यांची कात प्रवाहाबरोबर येऊन जलपर्णीच्या कडेला, फेसात, पुलाच्या खांबामागे साचते. तिथून ती 250 मायक्रॉनच्या जाळीने निथळून घ्यावी. हातमोजे हवेतच, पाण्यात सांडपाणी आहे. नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. डीएनए तपासायचा असेल तर 95 टक्के. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

सर्वाधिक चुका निवडताना होतात. मोठी कात लगेच दिसते, दोन-तीन मिलिमीटरची पारदर्शक कात ट्रेमध्येच राहते आणि मग नदीत मोठ्याच जाती आहेत असं वाटू लागतं. म्हणून नमुना ढवळून त्याचा एक भाग घ्यावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या 200 काती न निवडता मोजाव्यात.

खडकवासल्याखाली, विठ्ठलवाडी आणि मुळा-मुठा संगमाच्या आधी अशा जागा घ्याव्यात. संगमापुढच्या बंडगार्डनला मुळेचं पाणी मिसळलेलं असतं, तो आकडा एकट्या मुठेचा धरू नये. धरणातून विसर्ग झाला की सगळी कात वाहून जाते. पात्र स्थिरावेपर्यंत थांबावं.

नाव लावणं हे खरं अवघड काम. अनेक जातींचं वर्णन फक्त प्रौढ नरावरून झालेलं आहे, त्यामुळे नुसत्या कातीवरून त्यांचं नाव कळत नाही. त्यासाठी थोड्या अळ्या पाळाव्या लागतात: एका कुपीत एकच अळी, तोंडाला बारीक जाळी. अळीची कात, कोषाची कात आणि बाहेर पडलेला नर, तिन्हींवर एकच क्रमांक घालावा.