फोनवर सल्ला मिळतो, गोळी मिळत नाही

१९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस एका हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. सौदा फिसकटलेला, बार हाकेच्या अंतरावर आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. बारकडे वळण्याऐवजी त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले. त्याला बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा होता. या फोनाफोनीतून डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली आणि पुढे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली.

कोविडमुळे व्यसनमुक्ती फोनवर आली असं हल्ली सर्रास लिहिलं जातं, म्हणून हे आठवलं. बोलणं फोनवर केव्हापासूनच होतं. अडलं ते औषधापाशी, आणि का अडलं ते कळायला आपल्याकडे १९८५ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आला. मुंबई-पुण्यात तेव्हा गर्दने धुमाकूळ घातला होता. चाळीतली, कॉलेजातली पोरं ब्राऊन शुगर ओढत होती आणि त्यांचं करायचं काय हे घरच्यांना कळत नव्हतं. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर. उपचाराची रीत ठरून गेली: भरती व्हायचं, टर्कीचे, म्हणजे नशा तोडल्यावर होणाऱ्या त्रासाचे, दिवस काढायचे, गटात बोलायचं, मग पाठपुरावा. कायदा मात्र गुन्हेगार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला कलम ६४अ नुसार काही संरक्षण आहे, पण ज्या औषधांनी टर्की आवरते त्यांतली महत्त्वाची औषधं याच कायद्याच्या यादीत जाऊन बसली.

ब्युप्रेनॉर्फिन हे त्यातलं एक. हेरॉइन मेंदूत ज्या जागी काम करतं, तिथेच ही गोळी बसते, पण अर्धवट. तलफ आणि टर्की आटोक्यात राहते, नशा मात्र तशी चढत नाही. ईशान्य भारतात सुईवाटे हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही पसरला, तेव्हा नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, २००७-०८ पासून आपल्या कार्यक्रमात ही गोळी आणली. नॅकोच्या केंद्रावर एकदा बघावं, ती कशी देतात. नर्स गोळ्या कुटून भुकटी करते, जिभेखाली टाकते, विरघळेपर्यंत समोर बसवते आणि मग तोंड उघडून दाखवायला लावते. गोळी गालात लपवून बाहेर विकायला नेली जाऊ नये म्हणून हा सगळा पहारा. भीती अगदीच खोटी नाही. ही गोळी विरघळवून सुईने टोचून घेणारे आहेतच. पण याचा अर्थ रोजंदारीवरच्या माणसाने रोज केंद्रावर यायचं, खाडा करून. औषध लागू पडत असतानाही माणसं उपचार सोडतात, त्यामागे हा रोजचा हेलपाटाही आहे.

अमेरिकेतही याच गोळीवर कुलूप होतं, फक्त वेगळ्या कारणाने. २००१ मध्ये रायन हेट हा कॅलिफोर्नियातला १८ वर्षांचा मुलगा इंटरनेटवरून मागवलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी गेला. ज्या डॉक्टरने त्या लिहून दिल्या त्याने मुलाला कधी पाहिलंही नव्हतं. त्याच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला: अशी नियंत्रित औषधं (ब्युप्रेनॉर्फिनही त्यांतच) लिहून देण्याआधी रुग्णाला एकदा तरी प्रत्यक्ष तपासलंच पाहिजे. रोख होता ऑनलाइन औषधविक्रीच्या दुकानदारीवर. अडकले व्यसनातून बाहेर पडू पाहणारेही. मार्च २०२० मध्ये साथीपायी ही अट स्थगित झाली आणि महिनाअखेरीस ब्युप्रेनॉर्फिन नुसत्या फोनवरच्या बोलण्यावरून, व्हिडिओशिवाय, सुरू करायलाही परवानगी मिळाली. गोळ्यांचा काळाबाजार माजेल असं म्हणणारे पुष्कळ होते. पुढच्या अभ्यासांत दिसलं ते असं की दूरसेवा मिळालेले रुग्ण उपचारात जास्त टिकले.

आपल्याकडे टेलिमेडिसिनची पहिली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं निघाली २५ मार्च २०२० ला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. एका फटक्यात लाखो रुग्णांना फोनवर डॉक्टर मिळाला. पण औषधांच्या याद्यांत शेवटची यादी बंदीची होती, आणि तीत एनडीपीएसमधली औषधं. दारूच्या रुग्णाला, तंबाखूच्या रुग्णाला दार उघडलं. अफू-हेरॉइनच्या रुग्णाला नेमकं हवं ते औषध बाहेर राहिलं. १९८५ ची यादी २०२० च्या कागदात जशीच्या तशी उतरवली गेली, असं माझं मत आहे. या रुग्णांचा वेगळा विचार झाल्याच्या खुणा तरी त्या कागदात दिसत नाहीत.

त्याच आठवड्यात केरळात दारूची दुकानं बंद झाली आणि तलफेने हैराण झालेल्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला! डॉक्टरांच्या संघटना भडकल्या, २ एप्रिलला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अफूजन्य व्यसनांसाठी व्यवहार्य सूट मिळाली ती फोनवर नव्हे, घरी न्यायच्या पुडीत. पंजाबात २०१७ पासून चाललेल्या ओओएटी केंद्रांनी (भरती न होता अफूजन्य व्यसनांवर उपचार देणारी केंद्रं) आणि नॅकोच्या केंद्रांनीही अनेक दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला दिल्या. रोजच्या पहाऱ्याशिवायही चालतं, हे त्या निमित्ताने दिसलं.

दूरसेवेचा सर्वांत भरीव उपयोग मात्र रुग्णाच्या नजरेआड झाला. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने अमेरिकेतल्या 'एको' पद्धतीवर आपलं जाळं उभारलं. यात तज्ज्ञ रुग्णाशी बोलत नाही, तर छत्तीसगडमधल्या जिल्ह्याच्या डॉक्टरशी आणि समुपदेशकाशी बोलतो. ते आपली केस मांडतात, चर्चा होते. ज्या जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञच नाही, तिथे हे फार मोलाचं. ॲपचा गाजावाजा त्यापुढे फिका पडला. २०१७ मध्ये अमेरिकेत व्यसनोपचारासाठी मान्यता मिळालेल्या पहिल्या ॲपची कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळलं होतं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळतो. त्या दरीत आज दोन नंबर आहेत: सामाजिक न्याय मंत्रालयाच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६, आणि १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. टेली-मानसवर मराठीतूनही बोलता येतं. समुपदेशक ऐकून घेतो, घरच्यांना काय करावं ते सांगतो, गरज पडली तर तज्ज्ञाला जोडून देतो. फोन गर्दच्या रुग्णाचा असेल आणि त्याला ब्युप्रेनॉर्फिनची गरज असेल, तर जवळच्या केंद्राचा पत्ता देतो. तिथे त्याला स्वतःच जावं लागतं.