डेस्कटॉप गोठला, पण नेमकं कोण अडकलं?

लिनक्सवर डेस्कटॉप गोठला की हात आधी पॉवर बटणाकडे जातो. मशीन पुन्हा सुरू होतं, दोन दिवस नीट चालतं आणि परत तेच. मग कुणीतरी रॅम वाढवायला सांगतं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते. कारण ग्नोमवर (लिनक्सचा एक डेस्कटॉप) बाहेरून सारखे दिसणारे दोन आजार आहेत: एखाद्या एक्स्टेन्शनने (वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने) शेल, म्हणजे पॅनल आणि खिडक्या सांभाळणारा ग्नोमचा मुख्य प्रोग्रॅम, अडकवणं, आणि मेमरी संपून अख्खं मशीन गुदमरणं.

ग्नोमचं एक्स्टेन्शन म्हणजे जावास्क्रिप्ट, आणि ती ग्नोम शेलच्याच प्रोसेसमध्ये चालते. ब्राउझरच्या टॅबसारखी तिला वेगळी खोली नसते. हवामान दाखवणारं इवलंसं एक्स्टेन्शन सर्व्हरच्या उत्तरासाठी अडून बसलं, की पॅनल, खिडक्या, कीबोर्ड सगळे त्याच्याबरोबर ताटकळतात. वेलँडवर (पडद्यावर चित्र दाखवायची नवी पद्धत) तर खिडक्या पडद्यावर मांडणारा कंपॉझिटरही हीच प्रोसेस. बाकी मशीन मात्र ठणठणीत असतं: गाणं वाजत राहतं, कधी कर्सरही हलतो, फक्त क्लिक लागत नाही.

मेमरी संपते तेव्हा गाणंही अडखळतं. डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही, कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीतली पानं (तुकडे) बाहेर काढण्यात आणि तीच परत आणण्यात गुंतलेलं असतं.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टीटीवाय (डेस्कटॉपशिवायचा, नुसत्या अक्षरांचा पडदा) उघडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. वेलँडवर तो अर्धवट आहे. ती कळही शेललाच ऐकावी लागते, त्यामुळे शेल पुरतं अडकलं असेल तर काहीच होत नाही आणि आपण उगाच मशीनला दोष देतो. कॅप्स लॉकच्या दिव्याचंही तेच. तो पेटवणं कंपॉझिटरच्या हातात. खात्रीची चाचणी म्हणजे दुसऱ्या मशीनवरून एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन (अर्थात ते आधीच सुरू करून ठेवलेलं हवं). पासवर्ड देताच प्रॉम्प्ट (कमांड लिहायची ओळ) आला, तर संशय शेलवर. तोच यायला मिनिटभर लागलं, तर मेमरीवर. मग टॉप (कोणती प्रोसेस किती प्रोसेसर आणि मेमरी खाते ते दाखवणारी कमांड) लावा. शेल एक कोर पूर्ण खात असेल तर कोड चक्रात फिरतोय. शेल जवळजवळ शून्यावर असून पडदा गोठलेला असेल, तर ते कशाची तरी वाट बघतंय. यादीत वर केस्वॅपडी (मेमरी मोकळी करणारी कर्नलची प्रोसेस) दिसलं आणि मोकळी मेमरी नाममात्र उरली असेल, तर दुसरा आजार.

शेलच दोषी ठरलं तर एसएसएचवरूनच होम फोल्डरमधल्या ‘.local/share/gnome-shell’ या वाटेवरच्या ‘extensions’ फोल्डरचं नाव बदला आणि शेलची प्रोसेस मारा. वेलँडवर उघडे प्रोग्रॅमही जातील, ती किंमत मोजावी लागते. मग फोल्डर परत जागेवर आणून निम्मी एक्स्टेन्शन्स चालू करा, मग त्यातली निम्मी. चार-पाच फेऱ्यांत चोर सापडतो. सप्टेंबर २०२३च्या ग्नोम ४५ने एक्स्टेन्शनची इम्पोर्ट (दुसरा कोड आत आणायची) पद्धतच बदलली, त्यामुळे जुनी तशीच लोड होत नाहीत. आवृत्तीचा आकडा हाताने बदलून ती दामटणाऱ्यांची मला कीव येते. शेल क्रॅश झालं तर ग्नोम स्वतःच एक्स्टेन्शन्स बंद करू शकतं. नुसतं गोठलं तर नाही.

मेमरीच्या आजारावर कर्नल ४.२०पासून प्रेशरचे आकडे (मेमरीसाठी प्रोग्रॅम किती वेळ ताटकळले ते) मिळतात, आणि फेडोरा ३४ व उबुंटू २२.०४ या लिनक्सच्या आवृत्त्यांपासून सिस्टमडी-ऊमडी हा मागे चालणारा प्रोग्रॅम तेच बघून हावरट प्रोग्रॅम मारतो. ऑल्ट-सिसआरक्यू-एफ या कळांनी (सिसआरक्यू बहुधा प्रिंट स्क्रीनच्याच कळीवर असते) हाताने मारायचं म्हणाल, तर उबुंटूवर मूळ सेटिंगमध्ये ते बंद असतं.

आणि कधी दोन्ही आजार एकच असतात. एक्स्टेन्शन गळतं, म्हणजे घेतलेली मेमरी सोडत नाही, आणि ती शेलच्या नावावर चढत जाते. म्हणून लॉगिन केल्या केल्या शेलचा मेमरीचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि संध्याकाळी परत बघा.