बेटावर न्यायची गाणी आणि नाशिकचा पावसाळा

29 जानेवारी 1942 रोजी रॉय प्लॉम्ली यांनी बीबीसी रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. निर्जन बेटावर एकट्यानं राहायची वेळ आली तर कोणत्या आठ तबकड्या सोबत न्याल, असं पाहुण्याला विचारलं जाई. त्याला एक पुस्ती जोडलेली असे: बेटावर ग्रामोफोन आहे आणि सुयांचा साठा कधी संपणार नाही, असं समजा. गाण्यांच्या निवडीवर लोक आजवर भरभरून बोलले. सुयांची ही अट मात्र विज्ञानाच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची आहे.

त्या काळची तबकडी मिनिटाला 78 फेरे घेणारी, लाखेची. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या रेझिनमध्ये दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ती दाबून काढत. पूड मुद्दाम घातलेली असे. तिच्या घर्षणानं पोलादी सुईचं टोक पहिल्या काही फेऱ्यांतच झिजून खोबणीच्या आकाराचं होई आणि नीट बसे. सुईवर भोंग्याच्या ध्वनिपेटीचा 100 ग्रॅमहून जास्त भार असतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांत, सुई सव्वाशे मीटरहून जास्त अंतर घासत जाते. तेवढ्यात तिच्या टोकाला धारदार कडा येतात. हीच सुई दुसऱ्या बाजूला वापरली तर ती खोबणी खरवडते, म्हणून बाजूगणिक नवी सुई. आठ तबकड्यांच्या सोळा बाजू एकदा ऐकायला सोळा सुया. 200 सुयांची एक डबी बारा वेळा पुरेल, पुढे काही नाही.

तरीही वीज नसलेल्या जागी चावीचा ग्रामोफोन आणि लाखेची तबकडी ही जोडीच कामाची. नंतर आलेल्या एल.पी.ला, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या तबकडीला, मोटर लागते, ॲम्प्लिफायर लागतो. शिवाय एल.पी.ची सुई दीड-दोन ग्रॅम भारावर चालते, तिथे जुना ग्रामोफोन चालवला तर पीव्हीसीची खोबणी एका फेऱ्यात नांगरली जाईल.

जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून 78 च्या तबकड्या निघतात. गायक द. वि. पलुसकर यांचा जन्म नाशिकचा, 1921 सालचा. 1955 मध्ये वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी ते गेले. त्यांच्या हयातीत बाजारात आलेलं गाणं याच लाखेवर उमटलेलं आहे. अशी तबकडी हाती लागली तर ती स्पिरिटनं कधीही पुसू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश तसंच तर बनतं. डिस्टिल्ड वॉटरचे दोन-चार थेंब टाकलेलं मऊ सुती कापड खोबणीच्या दिशेनं फिरवा, मधलं लेबल कोरडं ठेवा आणि लगेच टिपून घ्या. तबकड्या उभ्याच ठेवायच्या. आडव्या रचल्या की खालची तडकते.

बेटावरचा खरा शत्रू म्हणजे खारट, दमट हवा, आणि नाशिककरांना दमटपणा वेगळा सांगायला नको. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये ती आठवडेच्या आठवडे 80 च्या वर राहते. बुरशीला साधारण 65-70 टक्के पुरतात. कॅसेटची फीत, फोटोवरचा जिलेटिनचा थर, पाकिटांचा डिंक, हे सगळं तिचं खाद्य.

कॅसेटचं सविस्तर सांगायला हवं, कारण आजीच्या ओव्या, मुंजीतलं गाणं, आता हयात नसलेल्या माणसाचा आवाज बहुधा कॅसेटमध्येच असतो आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. 1963 मध्ये फिलिप्सनं आणलेल्या या कॅसेटमधली फीत 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगानं सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण 18 मायक्रॉन जाड, नव्वदची 12, एकशेवीसची 9. शेवटची इतकी पातळ की जुन्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवण्याच्या यंत्रात, हमखास गुंडाळते.

लावण्याआधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड बघा. तिथे पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट लावू नका. तिचे बीजाणू डेकला लागतात आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. मग खालच्या उघड्या कडेला, बरोबर मध्ये, तांब्याच्या रंगाच्या पातळ पट्टीवर चिकटवलेला फेल्टचा चिमुकला तुकडा आहे का पाहा. तो फितीला डेकच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. त्याचा गोंद वाळून तो पडला असेल तर आवाज दबका, खोल विहिरीतून आल्यासारखा येतो आणि लोकांना वाटतं की रेकॉर्डिंगच गेलं. रेकॉर्डिंग शाबूत असतं. पाच स्क्रूंची एक रिकामी कॅसेट घेऊन फीत तिच्यात बसवली की काम होतं.

त्यानंतर फीत एकदा टोकापर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून तिचा ताण सारखा करून घ्या. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रबरी रोलरला मात्र पाण्यात किंचित भिजवलेला बोळाच लावा, अल्कोहोलनं रबर कडक होतं. आवाज लहरत असेल तर दोष बहुधा फितीचा नसून डेकच्या आतल्या सैल पडलेल्या पट्ट्याचा असतो.

आता सर्वात जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात; त्यातल्या स्प्रिंगवाल्या स्क्रूनं हेडचा कल बदलतो. घरच्या टेपरेकॉर्डरचा कल आणि आजच्या डेकचा कल क्वचितच जुळतात. केसाएवढा फरक पडला तरी टाळ, झांजा, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. डावा-उजवा दोन्ही चॅनल एकत्र करून ऐका आणि बारीक स्क्रूड्रायव्हरनं आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला थोडं थोडं फिरवा, एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाहूनही कमी. एका जागी झांज एकदम उघडते. तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्यानं करावं लागतं, आणि एवढे कष्ट घेण्यासारखा फरक पडतो.

डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये तार जोडा. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल: एका तासाला साधारण 1 जीबी. आवाजाचं शिखर उणे 6 डेसिबलच्या खाली राहू द्या, कारण वर गेलेला आवाज कापला जातो आणि तो पुन्हा मिळत नाही. खरखर काढायची घाई नको. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून प्रयोग तिच्या प्रतीवर करा. एक प्रत संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पेनड्राइव्हवर विसंबू नका: त्यातली माहिती अडकवून ठेवलेल्या विद्युतभारावर टिकते आणि वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या चिपमधून तो भार झिरपत जातो. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उजेडानं आणि उष्णतेनं उतरतो, तीही तात्पुरतीच समजा.

1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर पाठवलेली तबकडी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची आहे. तिच्यावर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. यानासोबत वाजवण्याची सुई पाठवली आहे आणि ती कशी वापरायची हे आवरणावर चित्रांत कोरलं आहे. घरातही तसंच करावं: कॅसेट ठेवायच्या तर चालू स्थितीतला एक डेक ठेवा आणि महिन्यातून एकदा तो चालवा.

बाकी आठवणींसाठी 20 लिटरचा, झाकणाला रबरी कड असलेला पॉलिप्रोपिलिनचा डबा (तळाशी त्रिकोणात 5 आकडा) आणि ओल शोषणारं 400 ग्रॅम नारिंगी सिलिका जेल पुरे. डबा डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत भरा. जुलैत भरला तर ओलच आत कोंडली जाते. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा 35 ते 50 टक्क्यांत हवा. स्वस्त मापक खोटं बोलतात, म्हणून आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ते ओलं होईल इतकंच पाणी घाला, मापकासह घट्ट पिशवीत बारा तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. जो फरक येईल तो पुढे धरायचा. जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा.

डब्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेनं कॅसेटच्या पारदर्शक डब्यांचं पॉलिस्टायरीन मऊ पडतं. पत्रांना, फोटोंना रबरबँडही नको. रबरातल्या गंधकानं चांदी काळवंडते, आणि जुन्या कृष्णधवल फोटोची प्रतिमा चांदीचीच असते. नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा.

ऑगस्ट 2019 मध्ये गोदावरीला पूर आला, तसं पाणी घरात शिरलंच तर एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून सोडवू नका आणि चिकटलेल्या अवस्थेत वाळूही देऊ नका. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवले की ते आपोआप सुटतात. प्रतिमेला बोट न लावता चिमट्यानं कोपरा धरून दोरीवर सावलीत वाळवा. घरच्या प्रिंटरवर छापलेले असतील तर पाण्यात घालू नका, त्यांची शाई विरघळते. हे सगळं दोन दिवसांत उरकायला हवं. तेवढी सवड नसेल तर फोटोंच्या मध्ये बटर पेपर घालून, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीनं थोडे थोडे बाहेर काढा.