मोटारहोम चालवणे (बेळगाव सीमाभाग)

मोटारहोम चालवणे : झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि बहुधा शौचालयही ज्या मोटारीतच कायमचे बसवलेले असते, अशी गाडी सुरक्षितपणे आणि न बिचकता हाकण्याचे कौशल्य. दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढत नेण्याच्या फिरत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात; आपल्याकडे बोलताना हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून हा प्रकार मराठी घरांत चर्चेचा झाला. या नोंदीत बेळगाव (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी हा कर्नाटकातील मराठी वस्तीचा पट्टा आणि त्याला लागून असलेले घाटरस्ते डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

चाकांवरचा संसार या भागाला नवा नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रेला जाताना माणसे बैलगाडीत शिधा, भांडी, सरपण, अंथरूण-पांघरूण घालून निघत आणि वाटेत ओढ्याकाठी चूल मांडत. पुढे बैलगाडीची जागा ट्रॅक्टर-ट्रॉली आणि टेम्पोने घेतली. फरक वेगाचा आहे. बैलगाडीत पाण्याची घागर हिंदकळली तर फार तर अंथरूण भिजे. ताशी ६० किमी वेगाने धावणाऱ्या गाडीत तेच पाणी गाडीचा तोल बिघडवू शकते. मोटारहोम नवख्याला घाबरवते ते तिची लांबी, उंची आणि वजन अंगवळणी पडलेले नसते म्हणून. ते माप कळले की भीती बरीचशी जाते आणि उरते ती रास्त सावधगिरी.

माप घेण्याची सुरुवात उभ्या गाडीपासून करावी. लांबी, आरसे धरून रुंदी आणि छतावरचा एसी, सौर पॅनेल किंवा वायुवीजनाची खिडकी धरून उंची टेपने मोजावी आणि आकडे स्टेअरिंगसमोर चिकटवून ठेवावेत. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी साधारण ६ ते ७ मीटर लांब आणि अडीच ते तीन मीटर उंच भरते. मग एखाद्या मोकळ्या माळावर जाऊन वळण्याचा सराव करावा. वळताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून पुढचे चाक कोपऱ्यातून सुटले तरी मागचे गटारात उतरू शकते. त्याच वेळी मागच्या चाकांपलीकडचा शेपटीचा भाग वळणाच्या उलट बाजूला बाहेर झुकतो. नियमानुसार हा भाग पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे चाकांत ४ मीटर अंतर असेल तर २.४ मीटरपर्यंत. पेट्रोल पंपावरून निघताना चालक पुढे बघतो आणि शेपूट मागच्या खांबाला घासते, त्याचे कारण हेच. उपाय सोपा आहे : आधी सरळ पुढे यावे, शेपूट अडथळ्यापलीकडे गेली की मग वळावे.

मागे घेताना उतरून बघण्यात कमीपणा नाही. खाली उभे राहून सांगणारा माणूस एकच असावा आणि तो चालकाला आरशात दिसावा. घरातल्या तिघांनी तीन बाजूंनी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणे धोक्याचे आहे. एस.टी.च्या घंटीची खूण इथे सर्वांना ठाऊक आहे, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्याच खुणेने गाडीच्या अंगावर थाप मारली तर इंजिनाच्या आवाजातही चुकत नाही.

वजनाची गोष्ट अधिक गंभीर आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशे लिटरची टाकी भरली की दोन-अडीच माणसांचा भार वाढतो. बॅटऱ्या, गॅस, किराणा, गाद्या आणि माणसे मिळून गाडी नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या कमाल वजनाबाहेर कधी जाते ते कळत नाही. ऊसपट्ट्यात याची सोय आयती आहे. साखर कारखान्यांमुळे चिकोडी, संकेश्वर, निपाणी भागात वजनकाटा शोधत फिरावे लागत नाही. पहिल्या मोठ्या प्रवासापूर्वी सर्व सामान भरून, माणसे बसवून गाडी काट्यावर घालावी. जमल्यास पुढची आणि मागची चाके वेगवेगळी तोलावीत. जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये ठेवावे, माळ्यावर फक्त कपडे. टाकी अर्धवट ठेवली की वळणावर आणि ब्रेकला पाणी हेलकावते, म्हणून घाटापूर्वी ती जवळपास रिकामी करणे चांगले.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. ताशी ६० किमीला गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच दोन-तीन घरे ओलांडली जातात. समोरचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले की मनात सावकाश चार आकडे मोजावेत. त्याआधी आपण तिथे पोचलो तर अंतर कमी आहे. सरावासाठी एक जुनी युक्ती फार उपयोगी पडते : ओट्यावर पाऊण भरलेला तांब्या ठेवून गाडी चालवावी. पाणी सांडू न देता थांबता आणि वळता आले की मागे बसलेल्यांनाही हायसे वाटते.

बेळगाव पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे कोकण किंवा गोव्याकडे जाणारी प्रत्येक वाट शेवटी उतरते. आंबोली घाटाकडे हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड अशी वाट जाते. चोर्ला घाटाला जांबोटी आणि मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबीवरून जातात. अनमोड घाटाला खानापूर, लोंढा, रामनगर या मार्गाने राष्ट्रीय महामार्ग ७४८ जातो. तिलारीच्या घाटाचा उतार उभा आणि वळणे आखूड आहेत. लांब शेपटीच्या गाडीने, विशेषतः पहिल्या वर्षी, त्या वाटेला जाऊ नये. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर निपाणी–संकेश्वर दरम्यान तवंदी आणि पुढे बेळगावच्या अलीकडे वंटमुरी हे घाट लागतात. रस्ता रुंद आणि दुभाजकाचा असल्याने ते घाट वाटतच नाहीत, आणि तिथेच फसगत होते. तवंदीच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांचे अपघात वारंवार झाले आहेत. मोटारहोमचालकाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात : आपले ब्रेक तापू देऊ नयेत, आणि आरशात मागून येणाऱ्या भरलेल्या ट्रकवर नजर ठेवावी.

उतरण्याचा नियम जुन्या ट्रकचालकांनी घालून दिलेला आहे आणि त्याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही : ज्या गिअरमध्ये हा घाट चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा. अर्ध्या उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि त्या खटाटोपात गाडी न्यूट्रलला राहिली तर सारा भार ब्रेकवर येतो. इंजिनाने धरलेली गाडी ताशी २० ते ३० किमीला आपसूक राहते. ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबून पूर्ण सोडावा, पाय सतत ठेवू नये. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडण्याची सवय या भागातल्या कित्येक चालकांना आहे. ती मोटारहोममध्ये प्राणघातक ठरू शकते. त्यात इंजिन बंद केले तर ब्रेक आणि स्टेअरिंगला मिळणारी मदतही जाते. ब्रेकचे लायनिंग जळाल्याचा वास आला, किंवा ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, की रुंद जागा बघून थांबावे आणि अर्धा तास तरी थंड होऊ द्यावे. तापलेल्या ब्रेकड्रमवर पाणी ओतू नये, त्याचे बीड (ओतीव लोखंड) तडकते. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

अरुंद ठिकाणी समोरासमोर आले तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. वाट देताना साईडपट्टीवर किती उतरायचे हे मात्र जपून ठरवावे. पावसाळ्यात दरीकडची कड आतून पोखरलेली असते आणि चार टनांच्या गाडीखाली ती खचते. डोंगराकडच्या बाजूला गटार गवताने झाकलेले असते.

आंबोलीत वर्षाला ७,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर धुके इतके दाट उतरते की समोरच्या एस.टी.चे फक्त मागचे दिवे दिसतात. धुक्यात मोठा दिवा लावला तर उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो. खालचा दिवा पुरे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, कारण मागच्याला आपण वळतो आहोत की उभे आहोत ते कळत नाही. चोर्ला आणि आंबोली रस्त्यांवर संध्याकाळनंतर गवे आडवे येतात. एक गवा गेला म्हणजे कळप संपला असे नसते. अनमोड–चोर्ला परिसराला लागून भीमगड अभयारण्य आहे. मोटारहोमवाल्याला मुक्कामी पोचण्याची घाई नसते, कारण मुक्काम त्याच्या पाठीशीच असतो. तेव्हा घाट दिवसाच उतरावा, हे या भागापुरते ठाम मत द्यायला हरकत नाही.

पूर्वेकडे भूभाग सपाट आहे, पण धोका वेगळा. ऊस हंगामात हुक्केरी, चिकोडी, अथणीकडचे रस्ते ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्यांनी भरून जातात. ऊस ट्रॉलीबाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला. रात्री अशी ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर. ओलांडताना दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून किती लांबी होते याचा अंदाज चुकतो, म्हणून समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसल्याखेरीज ओव्हरटेक करू नये. आषाढातल्या वाऱ्यात उघड्या माळावर उंच गाडी आडवी ढकलली जाते. मोठी बस शेजारून गेली की आधी बाहेर आणि मग आत ओढ बसते. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून वेग कमी करावा, झटका देऊन सावरायला जाऊ नये. महापुराच्या काळात निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आलेले आहे. वाहते पाणी कितीही उथळ दिसले तरी त्यात गाडी घालू नये. उंच आणि रुंद अंगावर पाण्याचा रेटा छोट्या मोटारीपेक्षा जास्त बसतो.

बेळगाव शहरात गणपत गल्ली, खडे बाजार या भागांत मोटारहोम नेऊच नये. गाडी कडेला लावून रिक्षाने बाजार करावा. रेल्वेखालील बोगद्यांपुढे उंचीची पाटी किंवा आडवी लोखंडी कमान असते. आपला आकडा आठवत नसेल तर आत शिरू नये.

कर्नाटकातील राज्य आणि ग्रामीण रस्त्यांवर अनेक पाट्या केवळ कन्नडमध्ये असतात. चारपाच शब्द कानावर असले तर चालकाचे काम सोपे होते : ‘निधानवागि चलिसि’ म्हणजे सावकाश चला, ‘मुंदे तिरुवु इदे’ म्हणजे पुढे वळण आहे, ‘रस्ते उब्बु’ म्हणजे गतिरोधक, ‘अपघात वलय’ म्हणजे अपघाताचा टप्पा, ‘एडक्के’ डावीकडे आणि ‘बलक्के’ उजवीकडे. गावाच्या तोंडाशी असलेले बरेच गतिरोधक रंग उडालेले असतात, आणि मागची चाके त्यांवरून गेली की कपाटे उघडून ताटवाट्या खाली येतात. दारांना कड्या असाव्यात. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलेले असते तेव्हा, तसेच १ नोव्हेंबरच्या (कर्नाटकच्या स्थापना दिनाच्या) आसपास, सीमेवरच्या कोगनोळी आणि शिनोळी येथे वाहने अडवली जाण्याची शक्यता असते. दुसऱ्या राज्याच्या नंबरची ठसठशीत गाडी अशा दिवशी रस्त्यावर न काढणे बरे.

कायद्याचे थोडक्यात. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हलक्या व्यावसायिक वाहनांबाबतही हेच मान्य केले. जुनी गाडी घेऊन ती गॅरेजमध्ये घर करून घ्यायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बदलाला मान्यता लागते. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर नवी नोंदणी घ्यावी लागते. एक पाय बेळगावात आणि एक कोल्हापुरात असणाऱ्या कुटुंबांना हा मुद्दा लागू पडतो. गाडी चालू असताना सर्वांनी पट्टा लावून बसावे. पलंगावर झोपलेले मूल ब्रेकच्या एका झटक्याने पुढे फेकले जाते.

मुक्कामाची जागा मातीवरून ठरवावी. खानापूर, जांबोटीकडची जांभ्याची जमीन पावसातही बऱ्यापैकी धरते. गोकाक, अथणीकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि एका वळवानंतर चाक गिळते. तिथे खडीवर किंवा धाब्याच्या फरशीवरच थांबावे. देवळाच्या आवारात राहायचे तर आधी पुजाऱ्यांना विचारावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून तळाशी हवा जायला झरोका हवा आणि निघण्यापूर्वी रेग्युलेटर बंद हवा. दारे-खिडक्या लावून शेगडीवर ऊब घेऊ नये. उतारावर गाडी उभी केली असेल तर हँडब्रेक, गिअर आणि चाकाखाली दगड अशी तिन्ही साधने वापरावीत. सकाळी गाडीभोवती एक फेरी मारून टायर, दिवे, पायरी बघावी, आणि चाकाखालचा दगड उचलून रस्त्याबाहेर ठेवावा. घाटात ट्रक थांबून गेल्यावर तसेच पडून राहिलेले दगड अंधारात दुचाकीवाल्यांना दिसत नाहीत.