लग्न केलेल्या दोघी, टीम एक, आणि मधे ती सिलेक्शनची यादी

2 जुलै 2017, लेस्टर, बायकांच्या वर्ल्ड कपची मॅच. वेस्ट इंडिजची अख्खी टीम 48 मध्ये गुंडाळली. साऊथ आफ्रिकेची कॅप्टन डेन व्हॅन निकर्क, लेगस्पिनर, तिची फिगर बघा: 3.2 ओव्हर, 3 मेडन, 0 रन, 4 विकेट. शून्य रन! गल्लीतल्या टेनिस बॉलवर पण कोणी अशी फिगर सांगितली तर आपण म्हणू चल निघ. आणि दुसऱ्या टोकाकडून चार विकेट घेतल्या मारिझान कापने, 14 रन देऊन. पुढच्या वर्षी, जुलै 2018 मध्ये, या दोघींनी एकमेकींशी लग्न केलं.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे सध्या जो तो क्वीअर, म्हणजे समलिंगी जोड्यांचा, स्पोर्ट्स रोमान्स वाचतोय नाहीतर बघतोय, एकाच टीममधले दोन प्लेअर, एकमेकांच्या जागेवर डोळा, आधी खुन्नस मग प्रेम, मग कोणालातरी पॅनिक अटॅक, आणि मग लोक म्हणतात की काहीही काय, इतकं फिल्मी कुठे असतं. अहो असतं. क्रिकेटमध्ये तर बरंच आहे. फक्त खऱ्या गोष्टीत व्हिलन म्हणजे जुना बॉयफ्रेंड किंवा कडक बाबा नसतात, व्हिलन असते ती सिलेक्शनची यादी. हे माझं मत आहे, पण पुढचं वाचा आणि सांगा.

सुरुवात खरं तर 1994 पासून करायला पाहिजे. ऑस्ट्रेलियाची डेनिस अॅनेट्स, टेस्टमध्ये 80 च्या वर अॅव्हरेज असलेली बॅटर, टीममधून वगळली गेली आणि तिने जाहीर म्हटलं की मी लेस्बियन नाही, माझं लग्न झालंय, म्हणून मला काढलं. झालं, पेपरवाल्यांना खाद्य मिळालं. आरोप खरा की खोटा तो वाद वेगळा, पण त्यानंतर तिथल्या महिला क्रिकेटला जी धास्ती बसली ती बरीच वर्षं गेली नाही. ज्या खरंच समलिंगी होत्या त्या अजून गप्प झाल्या, कारण आता तोंड उघडलं की लोक म्हणणार बघा, आम्ही म्हणत नव्हतो का. तिथली इंटरनॅशनल खेळणारी एखादी मुलगी उघडपणे बोलायला 2013 उजाडलं, ती अॅलेक्स ब्लॅकवेल. आणि तिची बायको कोण, तर लिन्झी आस्क्यू, जी इंग्लंडकडून खेळलेली. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड! याच्यापेक्षा खुन्नसवाली जोडी लेखकाला पण सुचली नसती.

कायद्याचं थोडक्यात. साऊथ आफ्रिकेत समलिंगी लग्न 2006 पासून चालतं, न्यूझीलंडमध्ये 2013, इंग्लंडमध्ये 2014 पासून लग्नं लागायला लागली, ऑस्ट्रेलियात 2017 च्या शेवटी. मग न्यूझीलंडच्या एमी सॅटरथ्वेट आणि ली ताहुहु यांचं 2017 मध्ये झालं, कापचं 2018 मध्ये, इंग्लंडच्या कॅथरीन ब्रंट आणि नॅट सिव्हर यांचं कोविडमुळे लांबत लांबत मे 2022 मध्ये. नोव्हेंबर 2018 च्या टी-20 वर्ल्ड कपात श्रीलंकेविरुद्ध काप आणि व्हॅन निकर्कने 67 ची पार्टनरशिप केली, तेव्हा नवराबायको नाही तर बायको-बायको क्रीजवर, एक रन चोरायचा की नाही यावर ओरडतायत. कॉमेंट्रीवाल्यांना "पार्टनरशिप" हा शब्द तेव्हा जरा जपूनच वापरावा लागला असेल!

आता मनाची बाजू. 2017 ची फायनल आपल्याला सगळ्यांना आठवते, लॉर्ड्स, 9 रनने हरलो, पूनम राऊत 86 वर गेली आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. त्या दिवशी इंग्लंडकडून नॅट सिव्हर 51, सारा टेलर 45, ब्रंट 34. यातली सारा टेलर, जगातली बेस्ट कीपर म्हणायचे तिला, ती त्याच्या आदल्या वर्षी अँक्झायटीमुळे क्रिकेट सोडून घरी बसली होती. परत आली, वर्ल्ड कप जिंकली, आणि सप्टेंबर 2019 मध्ये त्याच कारणाने इंटरनॅशनल सोडलं. नॅटने पण सप्टेंबर 2022 मध्ये भारताविरुद्धच्या सिरीजमधून नाव मागे घेतलं, कारण स्पष्ट दिलं, मेंटल हेल्थ. 2006 मध्ये इंग्लंडचा बॅट्समन मार्कस ट्रेस्कोथिक अशाच त्रासाने भारत दौरा अर्धवट सोडून गेला तेव्हा लोकांना "व्हायरस" सांगितलं होतं हो. सोळा वर्षांत एवढा फरक पडला, हे काही कमी नाही.

आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट परत व्हॅन निकर्कचीच. जानेवारी 2022 मध्ये घरी पाय घसरून घोटा मोडला, वर्ल्ड कप हुकला. पुढच्या वर्षी टी-20 वर्ल्ड कप घरच्याच मैदानावर, फिटनेस टेस्ट होती 2 किलोमीटर साडेनऊ मिनिटांत, आणि तिला 18 सेकंद जास्त लागले. अठरा सेकंद! कॅप्टन राहिली बाहेर. आणि बायको? बायको यादीत. म्हणजे विचार करा, घरी एकीला अभिनंदनाचे मेसेज, दुसरीला सांत्वनाचे, दोघी एकाच सोफ्यावर. कापने चालू असलेली ट्राय-सिरीज सोडली आणि घरी गेली, मग वर्ल्ड कपला परत आली, टीम फायनलपर्यंत पोचली, केपटाऊनला, ऑस्ट्रेलियाकडून हरली. व्हॅन निकर्कने मार्चमध्ये रिटायरमेंट जाहीर केली. तो निर्णय तिने 2025 मध्ये मागे घेतला, पण ती दोन-अडीच वर्षं काही कोणी परत देत नाही.

पुरुषांकडे बघायचं तर पान जवळपास कोरं. इंग्लंडचा कीपर स्टीव्हन डेव्हिस 2011 मध्ये आपण समलिंगी आहोत हे उघडपणे बोलला, न्यूझीलंडचा हीथ डेव्हिस 2022 मध्ये, तोही खेळणं सोडून कित्येक वर्षं झाल्यावर. बायकांच्या क्रिकेटमध्ये पैसाच नव्हता (इंग्लंडमध्ये पहिली फुलटाइम कॉन्ट्रॅक्ट 2014 ची), स्पॉन्सरची फौज नव्हती, गमवायला कमी होतं म्हणून त्या लवकर मोकळ्या झाल्या असं मला वाटतं. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 गेलं 2018 मध्ये, लग्नाला सुप्रीम कोर्ट ऑक्टोबर 2023 मध्ये नाही म्हणालं, आणि धावपटू द्युती चंद 2019 मध्ये बोलली तेव्हा घरातूनच काय काय ऐकावं लागलं ते सगळ्यांनी पाहिलं.

पण मुंबईने या बायकांना डोक्यावर घेतलंय हे मात्र खरं. 2023 मध्ये मुंबई इंडियन्सने नॅटला 3.2 कोटींना घेतलं आणि ब्रेबॉर्नवरच्या पहिल्या डब्ल्यूपीएल (बायकांची आयपीएल) फायनलला ती 60 नॉटआउट राहिली, समोर दिल्लीकडून काप. आडनाव तोवर सिव्हर-ब्रंट झालेलं, दोघींनी एकमेकींचं घेतलं, आणि माझ्या मावशीने टीव्हीवर ते जोडआडनाव वाचून विचारलं, "सासरचं आणि माहेरचं दोन्ही लावते का गं ही, आपल्यासारखं?" मी म्हटलं हो मावशी, तसंच काहीसं. 15 मार्च 2025 ला परत तीच फायनल, तेच ग्राउंड, काप 26 बॉलमध्ये 40 वर, मॅच दिल्लीकडे झुकलेली, बॉल नॅटच्या हातात. कापचा कॅच उडाला, मुंबई 8 रनने जिंकली, आणि मावशी उभी राहून टाळ्या वाजवत म्हणाली, "आली बघ आपली सासर-माहेरवाली!"