पाचव्या मिनिटाची धाव

२९ जून १९९४. वॉशिंग्टनचं आरएफके स्टेडियम, फुटबॉल विश्वचषकातला भर दुपारी साडेबाराचा सामना. पाचव्या मिनिटाला सौदी अरेबियाचा मिडफिल्डर सईद अल-ओवैरान याला स्वतःच्याच अर्ध्यात बॉल मिळाला आणि तो सुटला तो थेट बेल्जियमच्या गोलपर्यंत. मेदवेद, दे वुल्फ, स्मिट्स, आल्बेर्ट असे एकेक बचावपटू मागे पडले. शेवटी तोल जाता जाता त्याने गोलकीपर प्रीदोमच्या वरून बॉल जाळीत घातला. साठ मीटरच्या वर धाव, वेळ जेमतेम दहा-बारा सेकंद. सामना १-० असाच संपला आणि पहिल्यांदाच विश्वचषक खेळणारा सौदी संघ बाद फेरीत पोहोचला.

या गोलाचं एक ठरलेलं स्पष्टीकरण तेव्हापासून ऐकू येतं: वाळवंटातली माणसं ती, उन्हाला सरावलेली, युरोपवाले बिचारे उकाड्यात वितळले. ऐकायला झकास आहे, पण पाचव्या मिनिटाला कोण वितळतं?

त्या दहा-बारा सेकंदांत शरीराला लागणारी ऊर्जा कुठून येते ते पाहू. स्नायूंचं आकुंचन एटीपी नावाच्या रेणूवर चालतं. स्नायूत तयार असलेला एटीपी पूर्ण वेगात दोन-तीन सेकंदांत उडून जाईल इतकाच असतो. तो लगोलग भरून काढायला स्नायूतच फॉस्फोक्रिएटिन नावाचं रसायन असतं. हा म्हणजे खिशातला सुटा पैसा: काढायला सोपा, पण संपायलाही वेळ लागत नाही. सोबत ग्लुकोजचं ऑक्सिजनविना विघटन सुरू झालेलं असतंच. तरी जोरदार स्प्रिंटच्या पहिल्या काही सेकंदांची भिस्त फॉस्फोक्रिएटिनवर असते. एकदा रिकामा झालेला साठा अर्धा भरायला साधारण अर्धं मिनिट आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ऐंशीव्या मिनिटाला खेळाडूला एवढी उसंत क्वचितच मिळते. शिवाय तोवर स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, हेही बरंच खाली आलेलं असतं. पाचव्या मिनिटाला मात्र सगळं भरलेलं असतं.

आता उकाड्याकडे येऊ. एकाच छोट्या स्प्रिंटसाठी उष्णता चक्क फायद्याची असते. स्नायू गरम असला की त्यातल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, आकुंचनही जलद होतं. वॉर्म-अप करतात ते काही उगाच नाही. पण हा फायदा ओवैरानला मिळाला तसाच त्याच्यामागे धावणाऱ्यांनाही.

उष्णतेची किंमत मोजावी लागते ती पुढच्या पंच्याऐंशी मिनिटांत, आघाडी सांभाळताना. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव ऊर्जा हालचालीला लागते, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यातला ‘सुकला तर’ महत्त्वाचा. रियाधच्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. वॉशिंग्टनचा उन्हाळा दमट. तिथे तो नुसता टपकतो, आणि टपकलेला घाम शरीर थंड करत नाही. मुंबईच्या मे महिन्यात लोकलने फिरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. उष्णतेशी जुळवून घेतलेल्या शरीराला फायदा होतो हे खरं: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. पण हे बदल बहुतांशी दहा-चौदा दिवसांच्या सरावात कुणाच्याही शरीरात घडतात. त्यासाठी वाळवंटात जन्मावं लागत नाही.

मग बचावपटू का फसले? समोर दिसलेल्या हालचालीला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. सेकंदाला सात मीटर वेगाने येणारा खेळाडू तेवढ्यात जवळजवळ दीड मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणून चांगला बचावपटू बॉल हलायची वाट न पाहता आधीच अंदाज बांधतो आणि त्या बाजूला वजन टाकतो. अंदाज चुकला की ते वजन परत फिरवण्यात वेळ जातो. ओवैरानचा गोल पुन्हा लावून पाहा. तो फारशा करामती करत नाही. बॉल थोडा पुढे ढकलतो, दिशा किंचित बदलतो, बस्स. समोरच्याने आधीच पाय टाकलेला असतो. मला तरी या धावेतलं खरं कसब पायांपेक्षा या वेळ साधण्यात दिसतं.

त्या वर्षीचा आशियातला सर्वोत्तम फुटबॉलपटू तोच ठरला. रियाधच्या अल-शबाब क्लबने १९९१ ते १९९३ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली, तेव्हाही तो त्या संघात होता. पण त्या काळी सौदी खेळाडूंना परदेशी क्लबांकडून खेळायची मुभा नव्हती, त्यामुळे युरोपचं दार बंदच राहिलं. पुढे १९९६ मध्ये रमजानच्या काळातल्या मद्यपानाच्या प्रकरणात त्याला अटक झाली, काही महिने कोठडीत गेले, फुटबॉलवर बंदीही आली. वर्षाअखेर सौदी संघाने आशिया चषक जिंकला, तो त्याच्याविना.

सराव थांबला की शरीर कसं उतरतं, याचा क्रीडाशास्त्रात भरपूर अभ्यास झाला आहे. पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटतं, त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं. पाठोपाठ स्नायूंमधली, ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारी विकरं (एन्झाइम) कमी होतात. निव्वळ ताकद त्या मानाने जास्त टिकते. सर्वांत चिवट असतं ते कौशल्य. बॉलला कुठे आणि किती जोरात स्पर्श करायचा हे लहान मेंदू आणि त्याच्या जोडीची केंद्रं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. म्हणजे बंदीनंतर परतलेल्या खेळाडूचा पहिला स्पर्श पूर्वीसारखाच असतो, पण एका धावेनंतर दुसऱ्या धावेसाठी सावरायला त्याला जास्त वेळ लागतो.

१९९८ च्या विश्वचषकात ओवैरान संघात परतला. सौदी संघ डेन्मार्ककडून ०-१, फ्रान्सकडून ०-४ असा हरला, दक्षिण आफ्रिकेशी २-२ बरोबरी झाली. ओवैरानचा एकही गोल नाही. तेव्हा त्याने तिशीही गाठलेली होती आणि या वयात वेगवान स्नायूतंतूंची धार अशीही कमी होऊ लागते. त्यामुळे दोष बंदीचा किती आणि वयाचा किती, हा हिशेब एका खेळाडूवरून मांडता येत नाही.